जिने समाधी बांधली, तिलाच गायला मनाई



भोसले राजांमुळे तंजावर आपल्याला परके वाटत नाही. तेथून बारा-तेरा किलोमीटरवर, कावेरीच्या काठी तिरुवैयारु हे गाव आहे. रामभक्त संत त्यागराज यांनी ६ जानेवारी १८४७ रोजी येथे देह ठेवला. दरवर्षी त्यांच्या पुण्यतिथीला आराधना होते आणि शेकडो स्त्री-पुरुष एकत्र बसून त्यांच्या पंचरत्न कृती गातात. हे एकत्र बसणे सहज घडलेले नाही.

त्यागराजांची समाधी ओस पडली आहे, हे १९२१ मध्ये बंगळूर नागरत्नम्मांना त्यांच्या गुरूंच्या पत्रातून कळले. त्या नामवंत गायिका होत्या, देवदासी कुळातल्या होत्या. स्वतःच्या कमाईतून त्यांनी तेथे मंदिर उभारले. १९२६ मध्ये प्रतिष्ठापना झाली.

आराधना भरवणारे तेव्हा दोन गट होते, ‘पेरिय कच्ची’ म्हणजे मोठा पक्ष आणि ‘चिन्न कच्ची’ म्हणजे धाकटा. दोघांचे आपसांत पटत नसे. एका गोष्टीवर मात्र एकमत होते: स्त्रियांनी येथे गायचे नाही. पैसा चालला, सेवा चालली, आवाज चालला नाही! आणि मनाई करणारे कोणी नास्तिक नव्हते, तेही त्यागराजांचे भक्तच होते.

नागरत्नम्मा रुसून घरी बसल्या नाहीत. १९२७ मध्ये त्यांनी स्त्रियांचा वेगळा गट काढला आणि मंदिराच्या मागच्या बाजूला आराधना सुरू केली. १९४० च्या सुमारास तिन्ही गट एक झाले, तेव्हा कुठे स्त्रियांना समाधीपुढे गाता आले.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. देवदासी प्रथेत मुलींचे शोषण होत होते. १९४७ च्या मद्रास कायद्याने मुली देवाला वाहण्यास बंदी आली, हे योग्यच झाले. पण प्रथा नाकारणे वेगळे आणि त्या प्रथेत जन्मलेल्या बाईला दाराबाहेर ठेवणे वेगळे. समाज बरेचदा पहिल्याचे नाव घेऊन दुसरे करतो. आपल्याकडे चोखोबांचे अभंग वारकऱ्यांच्या मुखी होते, तरी त्यांच्या समाजाला विठ्ठल मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण करावे लागले.

१९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील २७ वे कलम सांगते की, समाजाच्या सांस्कृतिक जीवनात मोकळेपणाने भाग घेण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. अन्न आणि निवारा यांच्याच यादीत गाण्याचाही हक्क आहे, हे वाचून मला प्रथम नवल वाटले होते.

नागरत्नम्मा १९५२ मध्ये गेल्या. त्यांची समाधी त्यागराजांच्या समाधीजवळच आहे.

स्वाध्याय: आपल्या केंद्रात सतरंज्या घालणारे, चपला सांभाळणारे, प्रसादाची भांडी घासणारे कोण आहेत, ते आठवा. त्यांच्यापैकी कोणी गेल्या वर्षभरात सत्संगात भजन सांगितले का? नावे वहीत लिहून पुढच्या बैठकीला आणा.