रिपोर्टातला तो ठळक आकडा

अगं, आधी तो मोबाइल खाली ठेव. दमा असलेल्या लेकाच्या रक्ताच्या रिपोर्टात इओसिनोफिलपुढे ९ टक्के ठळक छापून आलेत म्हणून रात्रभर जागलीस ना? नुसते टक्के बघू नकोस. एकूण पांढऱ्या पेशी ८,००० असतील, तर त्यातले ९ टक्के म्हणजे ७२०. डॉक्टर याला एईसी म्हणतात आणि साधारण ५०० च्या वर गेला की वाढलेला धरतात.

दम्यात श्वासनळीला आतून सूज येते. ती ॲलर्जीची असली की इओसिनोफिल पेशी रक्तातून तिथे जाऊन जमतात. म्हणून आकडा चढलेला असला, तर पंपातल्या स्टेरॉइडने ही सूज उतरेल असा अंदाज बांधता येतो. अंदाजच हं! पोटात जंत असले, अंगावर इसब असलं, तरी तो चढतो. उलट धाप लागली म्हणून नुकतंच तोंडावाटे स्टेरॉइड दिलं असेल तर तो झपकन उतरतो. मग रिपोर्ट नॉर्मल आणि लेकराची छाती मात्र घरघरतेय! म्हणून आधी कोणतं औषध चालू होतं ते डॉक्टरांना सांगच. आयजीई हे ॲलर्जीशी निगडित प्रतिपिंड वाढलेलं दिसलं तर मूल ॲलर्जीकडे झुकलेलं आहे एवढंच कळतं, दमा किती जोरात आहे ते नाही.

आणि कोणी पेरिऑस्टिन या रक्तातल्या प्रथिनाची महागडी तपासणी सुचवली, तर 'कशासाठी?' असं विचार. मोठ्यांच्या दम्यात ते पाहतात. पण मुलांची हाडं वाढत असतात, तेव्हा ते रक्तात एरवीही जास्तच असतं. मग त्यातून दम्याचं काय कळणार?

त्यापेक्षा घराकडे बघ. जून लागला की नवीन पनवेलात भिंती ओल धरतात. कपाट सरकवून मागे काळी बुरशी आहे का पाहा. मुलाच्या खोलीत मच्छर अगरबत्ती लावू नकोस, मच्छरदाणी बांध. रात्री खोकून किती वेळा उठतो, धावल्यावर थांबतो का, झटपट आरामाचा पंप आठवड्यात किती वेळा लागला, हे वहीत लिही. मला विचारशील तर डॉक्टरांना त्या वहीचा उपयोग रिपोर्टाहून जास्त होईल. मूल पाच-सहा वर्षांचं झालं की नळीत जोरात फुंकायची तपासणीही करता येते.

बरगड्यांमध्ये खड्डे पडायला लागले, वाक्य पुरं बोलवेना किंवा ओठ निळसर दिसले, तर कुठल्याच आकड्याची वाट बघू नकोस. झटपट आरामाचा पंप दे आणि तडक हॉस्पिटल गाठ.

आकडा उतरला म्हणून रोजचा पंप मनाने बंद करायचा नाही. 'सवय लागते' असं सासूबाई म्हणाल्या तर त्यांनाही डॉक्टरांकडे घेऊन जा, त्यांच्या शंका तिथेच फिटू देत. आणि जाताना पंप आणि त्याला जोडायचा स्पेसर दोन्ही पिशवीत टाक. डॉक्टरांसमोर एकदा त्याला पंप देऊन दाखव. पुष्कळ मुलांचं औषध घशातच राहतं, छातीपर्यंत उतरतच नाही.