कर्नेलच्या हातातली चिठ्ठी

आपला जिल्हा धानाचा, तेव्हा उदाहरणही भाताचंच घेऊ. मेसच्या आचाऱ्याला कुणी 'भात २' एवढीच चिठ्ठी पाठवली, तर तो लगेच विचारेल, "दोन काय? वाट्या की किलो?" लिनक्सच्या कर्नेलला मात्र असं विचारता येत नाही. चिठ्ठीत असेल ते खरं मानून त्याला कामाला लागावं लागतं.

हे मला एका रात्री कळलं. रॅम कमी असली तर माझा प्रोग्राम कसा चालतो ते पाहायचं होतं. ग्रबच्या यादीत 'ई' दाबलं, 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'मेम=५१२' लिहिलं आणि कंट्रोल-एक्स दाबलं. पडदा काळा! रूममेट म्हणाला, "गेली बे तुझी हार्डडिस्क!" सकाळी सबमिशन, पोटात गोळाच आला.

चूक एका अक्षराची होती. ५१२ पुढचा 'एम' राहिला, म्हणून कर्नेलने ५१२ एमबी नव्हे, ५१२ बाइट समजले. तेवढ्या जागेत तो उभा तरी कसा राहणार? नशीब, ग्रबमध्ये असा केलेला बदल त्या एका बूटपुरताच असतो. मशीन बंद करून चालू केलं, सगळं जागेवर.

मग ही ओळ वाचली कशी जाते ते शोधलं. ग्रब ती मेमरीत ठेवतो आणि कर्नेलला पत्ता देतो. एक्स८६ वर तिला २०४८ बाइटची मर्यादा आहे. रिकामी जागा आली की एक पर्याय संपला. दुहेरी अवतरणातली जागा मात्र धरत नाहीत. पहिल्या '=' च्या डावीकडे नाव, उजवीकडे किंमत. वाचन दोन फेऱ्यांत होतं. 'मेम' सारखे पर्याय पहिल्या फेरीत, कारण मेमरीची मांडणी त्यांवरच ठरते. त्या वेळी पडद्यावर तक्रार करायचीही सोय बहुधा नसते.

अनोळखी शब्दाचं काय? 'क्वाएट' लिहिताना शेवटच्या ई-टीची अदलाबदल झाली, तरी कर्नेल थांबत नाही. तो शब्द इनिट या पहिल्या प्रोसेसकडे जातो: '=' नसेल तर आर्ग्युमेंट म्हणून, असेल तर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणून. सोय चांगली, पण चूक झाकली जाते.

म्हणून प्रोजेक्टसाठी स्वतःचा छोटा कर्नेल लिहिणाऱ्यांनी तीन गोष्टी पाळाव्यात. आकड्यासोबत एकक मागा. किंमत अशक्य वाटली तर ती सोडून नेहमीच्या किमतीवर चला. आणि न कळलेला शब्द लक्षात ठेवून पडदा सुरू होताच सांगा.

प्रयोग क्यूएमूमध्ये करा. तिथे '-अपेंड' ने ही ओळ देता येते आणि हार्डडिस्कची धास्ती नाही. बूट झाल्यावर /प्रॉक/सीएमडीलाइन ही फाइल 'कॅट' ने उघडा. कर्नेलला मिळालेली चिठ्ठी जशीच्या तशी दिसेल. तक्रार करण्याआधी आपणच काय लिहिलं होतं, ते एकदा वाचून घ्या!