पावसाळी बूट आणि पायांच्या चिखल्या

पाऊस लागला की त्वचारोगाच्या ओपीडीत चिखल्यांचे पेशंट वाढतात. बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरी, पिचपिचीत होते, सोलवटते, खाज सुटते, वास येऊ लागतो. औषधाची चिठ्ठी घेताना अनेकजण विचारतात, "डॉक्टर, पाणी अजिबात आत शिरणार नाही असा बूट कोणता घेऊ?" माझं उत्तर त्यांना अनपेक्षित वाटतं. आपल्याकडच्या पावसात बहुतेकांना असं पादत्राण हवं, ज्यात शिरलेलं पाणी लगेच निघून जाईल आणि जे रातोरात वाळेल.

पायाला ओल दोन बाजूंनी मिळते. एक पावसाची, दुसरी घामाची. तळहात आणि तळपाय इथे घर्मग्रंथी शरीरात सर्वांत दाट असतात. शिवाय त्या फक्त उकाड्याने नव्हे, मनावरच्या ताणानेही पाझरतात. हा घाम उडून गेला नाही तर कातडीचा सर्वांत वरचा थर पाणी शोषून फुगतो आणि मऊ पडतो. ओल्या कातडीवर घर्षण वाढतं, फोड येतात. मऊ पडलेल्या थरात आधी बुरशी शिरते, तिच्या पाठोपाठ जिवाणू. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधली जागा सर्वांत चिंचोळी, म्हणून चिखल्या बहुधा तिथून सुरू होतात.

आता वॉटरप्रूफ बुटांबद्दल. प्लॅस्टिक किंवा रबराचा बंद बूट पाऊस अडवतो, तसाच घामही कोंडतो. यावर उपाय म्हणून गोअर-टेक्ससारखे पातळ पडदे आले. १९६९ मध्ये बॉब गोअर यांनी टेफ्लॉन झटक्यात ताणून त्यात अतिसूक्ष्म छिद्रं तयार केली. त्यांतून पाण्याचा थेंब आत येत नाही, घामाची वाफ मात्र बाहेर पडते. शोध अस्सल आहे. पण वाफ बाहेर पडायला आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या बाष्पदाबात फरक लागतो. बुटाच्या आत साधारण ३४ अंश तापमान आणि वाफेने भरलेली हवा असते. बाहेर ५ अंशांची थंडी असेल तर वाफ जोरात बाहेर ओढली जाते. जुलैत कोकणात बाहेर २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असते. तेव्हा ही ओढ निम्म्याहूनही कमी उरते. बुटाचं वरचं कापड भिजलं तर आणखी कमी. हिमालयातल्या थंडीत उत्तम ठरणारा बूट दादरच्या पुलावर पाय उकडवतो, तो यामुळे. आणि घोट्याच्या वर पाणी साचलं की ते वरून आत शिरतं आणि बुटाची बादली होते.

याचा धडा भातशेतीतल्या युद्धाने दिला आहे. १९६०च्या दशकात व्हिएतनाममध्ये, मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशात, अमेरिकी सैनिक दिवसेंदिवस खाचरांतून चालत. तळवे सुरकुतून इतके दुखू लागत की पाऊल टाकणं अशक्य होई. त्यांच्या जंगल बुटांचा वरचा बराचसा भाग कापडी होता आणि पावलाच्या कमानीपाशी पाणी निचरायला जाळी लावलेली छिद्रं होती. तरीही नुसता बूट पुरला नाही. तिथल्या नवव्या इन्फन्ट्री डिव्हिजनने सलग पाण्यात राहण्याची मर्यादा सुमारे ४८ तास ठरवली आणि त्यानंतर पाय सुकवायला वेळ दिला. रोज काही तास पूर्ण कोरडी राहिली तर कातडी सावरते. लावणीच्या दिवसांत अनवाणी चिखलात उभ्या राहणाऱ्या आपल्या मायबहिणींनाही हे तितकंच लागू आहे.

मग दुकानात काय पाहाल?

१. सुखतळा बाहेर काढता येतो का? चिकटवलेला सुखतळा आतून कधीच नीट वाळत नाही.

२. आत फोमची जाड गादी आणि कापडी अस्तर किती आहे? जितकं जास्त, तितकी ओल धरून ठेवणार. रेक्झिनचा बंद बूट टाळा. जाळीदार कापडाचा बूट किंवा चहूबाजूंनी मोकळा सँडल चांगला.

३. पाणी बाहेर जायला वाट आहे का, आणि तळाला खोल खाचा आहेत का? गुळगुळीत तळ ओल्या लादीवर घसरतो.

४. बोटांना हलायला जागा आहे का? बोटं एकमेकांवर दाबली गेली तर बेचक्यात हवा जात नाही.

कोल्हापुरी चप्पल या दिवसांत माळ्यावरच राहू द्या. तिचं चामडं पाणी पितं, फुगतं, आणि चप्पलही जाते, पायही.

मोजे सुती असतील तर ते घाम शोषतात, पण सोडत नाहीत. पातळ, घाम बाहेर ओढणारे कृत्रिम धाग्याचे मोजे घ्या आणि एक जादा जोड पिशवीत ठेवा. दुपारी मोजे बदलणं हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. घरी आल्यावर पाय साबणाने धुवा, वेगळ्या कापडाने प्रत्येक बेचकं टिपून घ्या. बुटातला सुखतळा काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, पंख्याखाली ठेवा. एकच जोड रोज घालू नका, आलटून पालटून दोन वापरा.

चिखल्या झाल्याच तर क्लोट्रिमॅझोलसारखं बुरशीनाशक मलम लावा, आणि खाज थांबली तरी सांगितलेले सगळे दिवस लावा. स्टिरॉइड मिसळलेली मलमं दुकानातून परस्पर आणू नका. त्यांनी खाज दोन दिवसांत जाते, बुरशी मात्र पसरते आणि औषधांना दाद देईनाशी होते. हिरवट झाक, पू, सूज किंवा ताप दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

मधुमेहींसाठी नियम वेगळे. पायाची संवेदना कमी झाली असेल तर अंगठ्याची चप्पल नको, कारण तिची वादी बोटांच्या मधे जखम करते आणि ती कळतही नाही. टाचेमागे पट्टा असलेला, बोटं झाकणारा, मऊ एमसीआर (सूक्ष्म पोकळ्यांच्या रबराच्या) तळाचा सँडल घ्या. रोज रात्री तळवे आरशात पाहा.

गमबूट मात्र ज्यांना हवेतच त्यांना हवेत: गोठा साफ करणारे, गटारात उतरणारे, तुंबलेल्या पाण्यात काम करणारे. उंदरांच्या आणि गुरांच्या मूत्रातून येणारा लेप्टोस्पायरोसिसचा जंतू भेगांतून आणि चिखल्यांतून शरीरात शिरतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईत या रोगाचे रुग्ण वाढले. तुंबलेल्या पाण्यातून चालावं लागलं असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळीबद्दल विचारा. गमबूट घालणाऱ्यांनी दर काही तासांनी तो काढून मोजे बदलावेत आणि रात्री तो उलटा ठेवावा.

शेवटी एक विनंती शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि सुरक्षारक्षक नेमणाऱ्या कंपन्यांना. काळा बंद बूट सक्तीचा केला की मूल सहा तास भिजल्या पायांनी बसतं आणि रक्षक बारा तास तसाच उभा राहतो. जून ते सप्टेंबर पावसाळी सँडलला परवानगी द्या, आणि बूट हवाच असेल तर दुसरा जोड द्या. हा खर्च आजारपणाच्या रजेपेक्षा कमी आहे, आणि पायांची काळजी घेणं ही नियम करणाऱ्यांचीही जबाबदारी आहे.