'अ'पासूनच का?

प्रश्न : मुलगी साडेचार वर्षांची आहे. बालवाडीतून रोज एक पान गिरवायला येतं : अ, आ, इ, ई. पान काढलं की रडारड. ३ लिही म्हटलं तर ६ लिहिते. मी चाकणला शिफ्टमध्ये असतो, बायकोचीही नोकरी आहे. घरी नेमकं काय करून घ्यावं?
– एक वडील, पिंपरी

उत्तर : आधी त्या ३ आणि ६ चं बोलू, कारण खरी धास्ती तिथे दिसते. कपाचा कान डावीकडे असो की उजवीकडे, कप तो कपच, हे तुमची लेक जन्मापासून शिकत आली. तोंड फिरवलं की नावच बदलतं, असा प्रकार तिला पहिल्यांदा भेटला तो अंकांत आणि अक्षरांत. सहा-सात वर्षांपर्यंत बहुतेक मुलं अशी उलटापालट करतात. रागावू नका.

आता 'अ'. आपली वर्णमाला उच्चाराच्या जागेप्रमाणे लावलेली आहे. क-वर्ग कंठात, प-वर्ग ओठांवर. मांडणी देखणीच, पण वाचायला शिकण्याचा तो क्रम नव्हे. 'अ' काढताना मोठ्यांचाही हात किती वळणं घेतो, बघा. ङ आणि ञ तर तिला कुठल्या शब्दात भेटणार? ळ ने मराठी शब्द सुरूच होत नाही, म्हणून तक्त्यात बिचारं बाळ शेवटच्या अक्षरासाठी उभं करावं लागतं. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू केली. त्यांच्या पद्धतीत अक्षरं गटागटाने येतात : मोजकी अक्षरं, एखादी स्वरखूण आणि लगेच शब्द.

हे तुम्हाला घरी जमेल. ग, म, न, र ही चार अक्षरं आणि काना घ्या. नाग, रान, राग, गार, मगर, मान, नगर... महिनाभराचा खुराक झाला. त्यातला 'नगर' तर पिंपरीकरांना फुकट मिळालाय. नेहरूनगर, वल्लभनगर, संत तुकारामनगर, शाहूनगर! सुट्टीच्या दिवशी बसथांब्यावर उभे राहा आणि पाट्यांवरचा 'नगर' तिला शोधू द्या. आधीची अक्षरं तुम्ही वाचा, शेवटची तीन तिची.

लिहिण्यासाठी हात आधी तयार व्हावा लागतो. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा महागडी साधनं आणण्याऐवजी शंख-शिंपले, बिया, पानं मुलांच्या हाती दिली. तुमच्याकडे कणीक आहे, सोलायला मटार आहेत. कणकेचा साप वळून त्याचा 'ग' करता येतो आणि तो भाजूनही खाता येतो.

वाणसामानाची यादी करताना तिलाही कागद-पेन्सिल द्या. ती नागमोडी रेघ ओढून म्हणेल, "साखर." ती साखरच समजा आणि शेजारी तुम्ही 'साखर' लिहा. बोललेलं कागदावर उतरतं, हे तिला कळलंय. गिरवण्याच्या शंभर पानांतून ते कळेलच असं नाही.

रोज दहा मिनिटं पुरे. ज्या दिवशी रडेल, त्या दिवशी पान कोरंच जाऊ द्या. बाईंना तशी चिठ्ठी लिहा आणि खाली तिला तिची सही करू द्या, वाचता येवो न येवो.