मेंदू नाही, तरी शिकते!

शिक्षक मित्रहो, पालकहो, पावसाळ्यात जळकोटच्या शिवारात कुजलेलं लाकूड उलटून बघा. त्यावर पिवळा, चिकट, जाळीसारखा थर दिसला, तर तो स्लाइम मोल्ड असू शकतो. तो बुरशीसारखा दिसतो, पण बुरशी नाही.

यातलाच एक फायसारम. तळहाताएवढा पसरला, तरी एकच पेशी! मेंदू नाही, चेतापेशी नाहीत. आतला द्रव पुढे-मागे वाहतो आणि पेशी हळूहळू सरकते.

२०१६ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी तिच्या खाद्याच्या वाटेवर कडू क्विनाइन ठेवलं. पहिल्यांदा ती बिचकली, फार रेंगाळली. पण रोज तीच वाट, आणि अपाय काहीच नाही. सहाव्या दिवशी ती नेहमीसारखी पलीकडे गेली. दोन दिवस क्विनाइन बंद ठेवलं, तर पुन्हा बिचकली! म्हणजे शिकली आणि विसरलीसुद्धा.

आता आपल्या वर्गातलं गणिताला घाबरणारं लेकरू आठवा. रोज थोडं गणित द्या. चुकलं तरी ओरडू नका. दिवाळीच्या सुट्टीनंतर ते पुन्हा बिचकेल, तेव्हा 'याला डोकंच नाही' म्हणू नका. पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. बिनडोक पेशीलाही सहा दिवस दिले होते ना!