‘लागणे’ आणि जपानी ‘काकारु’

पोलोग्राउंडवर वीज कंपनीच्या कचेरीपाशी किंवा एखाद्या कारखान्याच्या फाटकाशी थोडा वेळ उभे राहिले, तर इंदुरी मराठीतली अशी वाक्ये सहज ऐकू येतात : ‘बिल भरायला एक तास लागला’, ‘साहेबांचा फोन लागत नाही’, ‘शटरला कुलूप लागलंय’, ‘वळणावर ब्रेकच लागला नाही’. चारही ठिकाणी क्रियापद एकच. जपानीतही या चारही वाक्यांना ‘काकारु’ हे एकच क्रियापद पुरते. ‘इचिजिकान काकारु’ म्हणजे एक तास लागतो. ‘कागि गा काकारु’ म्हणजे कुलूप लागते. (‘गा’ हा कर्ता दाखवणारा प्रत्यय.) पैसे लागतात, कर लागतो, तेही ‘काकारु’च.

इंग्रजीतून जपानी शिकवणारी पुस्तके या एका शब्दाचे पाच-सहा अर्थ वेगळे करून देतात आणि आपले विद्यार्थी ते घोकत बसतात. माझ्या मते मराठी विद्यार्थ्याला हा वळसा अनावश्यक आहे.

सकर्मक रूपांची जोडीही तशीच जुळते. लागणे–लावणे, काकारु–काकेरु. फोन लावणे, कुलूप लावणे, गाणी लावणे, एवढेच काय, चष्मा लावणे, या सगळ्यांना ‘काकेरु’ चालते. दोन्ही भाषांचे मूळ मात्र एक नाही. ‘लागणे’ संस्कृत ‘लग्’ धातूकडे, म्हणजे चिकटण्याकडे जाते; ‘काकारु’चा मूळ भाव टांगले जाण्याचा. म्हणूनच भिंतीवरचे चित्र, नदीवरचा पूल, आकाशातले इंद्रधनुष्य जपानीत ‘काकारु’ने सांगतात. तिथे आपले ‘लागणे’ थांबते.

उलट बाजूही पाहावी. भूक लागते, पण जपानीत पोट रिकामे होते; तहान लागते, तिथे घसा कोरडा पडतो. ‘रडू लागला’, ‘जावे लागते’ यांतही ‘काकारु’ नाही. रोगाच्या बाबतीत तर वाक्याची दिशाच फिरते. आपल्याकडे रोग माणसाला लागतो. ‘ब्योकि नि काकारु’मध्ये माणूस रोगाला लागतो. साध्या सर्दीला मात्र ‘काकारु’ नाही, ती ‘ओढतात’ : ‘काझे ओ हिकु’.

इंदूरच्या शिक्षकांसाठी एक वेगळी अडचण. मुले ‘मला लागलं आज सुट्टी आहे’ म्हणतात. हे हिंदीतले ‘मुझे लगा’. ऐकणारा आधी गुडघा पाहतो, कुठे खरचटले म्हणून! ‘मला वाटलं’ असे तिथल्या तिथे सांगावे, कारण हीच मुले पुढे जपानीत ‘वाटणे’साठीही ‘काकारु’ घालतात. तिथे ‘ओमोउ’ हवे. ‘फोन लावते’ला मात्र हिंदीचे म्हणून हटकू नये, ते चांगले मराठी आहे.

आणखी एक फसवा शब्दप्रयोग ‘की नि काकारु’. शब्दशः मनाला लागणे. पण आपल्याकडे मनाला बोल लागतो, दुखावतो. जपानीत मुलगा रात्री उशिरापर्यंत परतला नाही की आईच्या मनाचे जे होते, ते हे. आपण त्याला जिवाला घोर लागणे म्हणतो.