पिवळा कपलर

पुणे, रविवार

चि. बंटी,

काल रात्री तुझ्या आईचा फोन आला. वखारीच्या शेडमध्ये गाडी उभी करून पोरगा तिचं छत सोलतोय, म्हणाली. सीट आडव्या केल्यात, धरायच्या दांड्या निघाल्यात, सनरूफभोवतीची रबरी पट्टी बॉनेटवर पडलीय. इथवर मी हसत होतो. मग ती सहज म्हणाली, ‘आत पिवळे वायर लागले म्हणे, ते कसे काढायचे ते मोबाइलवर पाहतोय.’ त्यानंतर झोप कसली येते?

बाबू, आधी एवढंच सांग. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली होतीस का? आणि काढल्यावर थांबलास किती?

तुझ्या गाडीत सहा एअरबॅग आहेत, हे घेताना तूच मला कौतुकानं सांगितलं होतंस. त्यातल्या दोन कर्टन एअरबॅग दारांच्या वर, छताच्या कडेनं, घडी घालून याच अस्तराच्या आड बसवलेल्या असतात. त्या पिवळ्या वायरींच्या टोकाचा पिवळा कपलर या पिशव्यांचाच. पापणी लवायच्या आत ती पिशवी उघडते, आणि तू तर तोंड तिच्याजवळ नेऊन क्लिपा उचकटतोयस! बॅटरी काढली म्हणजे धोका संपला असंही नाही. अपघातात बॅटरीच तुटली तरी पिशवी उघडावी म्हणून तिच्या कंट्रोल युनिटमध्ये थोडी वीज साठवलेली असते. आपला आरा आठव. बटन बंद केल्यावरही पातं फिरत राहतं, आणि आपल्या जुन्या मिस्त्रीची दोन बोटं गेली ती बटन बंद केल्यावरच. किती मिनिटं थांबायचं ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं. तू त्याहून जास्त थांब. चहा पिऊन ये. आणि कपलर सुटे असताना दिवा लागतो का बघायला इग्निशन चालू करू नकोस, त्या वायरींना मीटर तर मुळीच लावू नकोस.

शिवाय तू छत काढतोयस कशासाठी? कापड लोंबलं म्हणून. नागपूरच्या उन्हात ते लोंबणारच. 2013 च्या मे महिन्यात पारा 47.9 वर गेला होता. बंद गाडीच्या आत काय होत असेल? कापडामागचा फोम जळून त्याची भुकटी होते आणि कापड सुटतं. पण आई म्हणाली की पुढच्या कोपऱ्यात पिवळसर डागही आहे. तो उन्हाचा नाही, पाण्याचा. सनरूफच्या चौकटीत पाणी येतंच, ते कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खांबांच्या आतून खाली जातं. आपल्या लकडगंजात गाडी आऱ्याशेजारी उभी. भुसा त्या चौकटीच्या पन्हाळीत बसतो, पावसात त्याचा लगदा होतो आणि नळी तुंबते. सनरूफ उघडून कोपऱ्यात ग्लासभर पाणी हळूच ओत. गाडीखाली धार लागली तर ठीक. नाही लागली तर नायलॉनची बारीक दोरी अलगद सरकव. कॉम्प्रेसरची हवा मारू नकोस, आतली नळी निसटते. हे आधी कर, नाहीतर नव्या कापडावर जुलैत पुन्हा तोच डाग.

वखारीतला पांढरा फेविकॉल लाकडासाठी आहे, तो छताजवळ नेऊ नकोस. जुना फोम ब्रशनं पूर्ण झाडल्याशिवाय कुठलाच गोंद धरत नाही. अस्तराच्या पुठ्ठ्यात काचेचे तंतू असतात, तेव्हा चष्मा, मास्क, हातमोजे लाव. आणि अस्तराची कड कुठेही पक्की चिकटवू नकोस. ती कड ढकलूनच पिशवी बाहेर येते. तू कड चिकटवशील आणि उद्या तुझी आई शेजारच्या सीटवर बसलेली असेल. परत तिथेच आलो मी. काय करू?

गडकरींनी 2023 मध्ये गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारं भारत एनकॅप सुरू केलं, तेव्हा आपल्या नागपूरच्या माणसानं केलं म्हणून तू उड्या मारल्या होत्यास. ते तारे असल्या पिशव्यांच्याही जोरावर मिळतात रे.

फार बोललो. खरं सांगू, तुझा हेवा वाटतो. मला आयटीआयला मोटार मेकॅनिकला जायचं होतं. तुझ्या आजोबांनी गादीवर बसवलं, मी बसलो, सागवानाचे घनफूट मोजत राहिलो. तुझे बाबा मात्र रात्री कंदील लावून स्कूटर खोलायचे. मी दारातून बघायचो, पाना कधी हातात घेतला नाही. ते गेले तेव्हा पान्यांची पेटी तुला दिली ती उगाच नाही. तू छत उघडलंस हे मला आवडलंच आहे. आईला हे सांगू नकोस.

तेवढे पिवळे कपलर तसेच राहू देत. सनरूफच्या भोकामुळे तो पुठ्ठा दोन्ही बाजूंना अरुंद आणि कमजोर असतो, एकट्यानं मागच्या दारातून काढलास तर मोडेल. शुक्रवारी रात्री रेल्वेत बसतो. पुढचं टोक तू धर, मागचं मी धरतो. स्टेशनवरून मेट्रोनं टेलिफोन एक्स्चेंजला उतरीन. घ्यायला येऊ नकोस, त्याच गाडीनं येशील!

तुझे
मोठे बाबा